धोरणाआधीचे प्रश्न : एका व्यवसायधोरण प्रकल्पाच्या नोंदी

३ जून

संचालक मंडळाने पुढील पाच वर्षांचे व्यवसायधोरण तयार करण्याचे काम आजपासून आमच्या गटाकडे सोपवले. आमची कंपनी लसी, रक्त आणि तपासणीचे नमुने ठराविक तापमानात ठेवणारी शीतकपाटे बनवते आणि रुग्णालये व प्रयोगशाळांमध्ये त्यांची देखभालही करते. मंडळाने आखून दिलेला कामाचा क्रम असा होता : आधी बाजारपेठेचा अभ्यास, मग स्पर्धकांचा, त्यानंतर आर्थिक अंदाज आणि सर्वांत शेवटी मिशन व व्हिजन यांच्या भाषेची सुधारणा. हा क्रम बदलावा आणि शेवटचे काम सर्वांत आधी हाती घ्यावे, अशी विनंती मी लेखी केली आणि ती मान्य झाली. बाजारपेठेचा अभ्यास संधी कुठे आहेत एवढे सांगतो. त्यांपैकी कोणती संधी आपण घ्यावी आणि कोणती दुसऱ्यांसाठी सोडून द्यावी, हे ठरवण्यासाठी लागणारा निकष त्या अभ्यासातून निघत नाही. तो आधीच हाताशी असावा लागतो.

गटात बोलताना गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येक संज्ञेला एकेक प्रश्न जोडून ठेवला. आपण उद्या काम थांबवले तर कोणाचे काय अडेल, याचे उत्तर म्हणजे प्रयोजन. ते अडू नये म्हणून आज आपण नेमके कोणासाठी आणि काय करतो, हे मिशन. हे काम नीट चालत राहिले तर काही वर्षांनी आपल्या क्षेत्रात काय बदललेले दिसेल, हे व्हिजन. वरिष्ठ समोर नसताना येथे माणसे कशी वागतात आणि त्या वागण्याला कंपनी बक्षीस देते की शिक्षा, ही कार्यसंस्कृती. या सर्वांच्या आधारे मर्यादित पैसा, माणसे आणि वेळ कुठे लावायचा व कुठे लावायचा नाही, याचा निर्णय म्हणजे धोरण. या व्याख्यांत पुस्तकी नेमकेपणा नसेल, पण पुढील चर्चेला त्या पुरेशा आहेत.

६ जून

सध्याचे मिशन-वाक्य आज तपासायला घेतले : 'दर्जेदार उत्पादने आणि उत्कृष्ट सेवेद्वारे ग्राहकांचे संपूर्ण समाधान साधणे.' दोन कसोट्या लावल्या. पहिली कसोटी अशी की, आमच्या नावाच्या जागी छपाईयंत्रे किंवा फर्निचर बनवणाऱ्या कंपनीचे नाव घातले तर वाक्य खोटे ठरते का? ते ठरत नाही. दुसरी कसोटी अधिक महत्त्वाची वाटते. गेल्या काही वर्षांत मंडळापुढे आलेल्या प्रस्तावांपैकी एखादा केवळ या वाक्यामुळे नाकारला गेला का? इतिवृत्ते चाळली. एकही सापडला नाही. ज्या वाक्यामुळे कधीही नकार द्यावा लागत नाही, त्याचा धोरणाशी संबंध जुळलेलाच नाही, असा निष्कर्ष टिपणात लिहिला.

एन्रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीने आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता ही आपली चार मूल्ये जाहीर केली होती. डिसेंबर २००१ मध्ये हिशेबांतील फसवणुकीमुळे ती दिवाळखोरीत गेली. हे उदाहरण पुष्कळ वेळा सांगितले जाते आणि त्यावरून मूल्ये लिहून ठेवणेच निरर्थक आहे असा अर्थ काढला जातो. मला तो अर्थ पटत नाही. ती चारही मूल्ये चांगली आहेत. तेथील बढती, बोनस आणि लेखापरीक्षण यांच्या निर्णयांत मात्र त्यांना कोठे जागा नव्हती. आमच्या प्रकल्पाने लक्ष ठेवायचे ते याच जागेवर.

१२ जून

प्रयोजनातून धोरण कसे उगवते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणून गटापुढे अरविंद नेत्र रुग्णालयाचा इतिहास मांडला. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये मदुराई येथे ११ खाटांचे रुग्णालय सुरू केले. त्यांचे प्रयोजन एका ओळीत मावणारे होते : जे अंधत्व टाळता येते, ते नाहीसे करणे. मोतीबिंदूमुळे येणारे अंधत्व एका लहान शस्त्रक्रियेने दूर होते, म्हणजे अडचण वैद्यकीय ज्ञानाच्या अभावाची नव्हती; शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांची संख्या, खर्च आणि रुग्ण रुग्णालयापर्यंत न पोहोचणे या तीन अडचणी होत्या.

धोरणाचे बहुतेक महत्त्वाचे निर्णय या तीन अडचणींना दिलेली उत्तरे आहेत. शल्यविशारदाचा वेळ सर्वांत दुर्मीळ, म्हणून एक शस्त्रक्रिया संपताच शेजारच्या टेबलावरचा रुग्ण तयार असेल अशी शस्त्रक्रियागृहाची रचना केली. तपासणी, पूर्वतयारी आणि शुश्रूषा यांसाठी ग्रामीण भागातील तरुणींना प्रशिक्षण देऊन मोठे सहायक मनुष्यबळ उभे केले. पैसे देऊ शकणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून न देऊ शकणाऱ्यांचा खर्च भागेल अशी आर्थिक घडी बसवली. रुग्ण येत नाहीत म्हणून गावोगावी नेत्रशिबिरे भरवली. डोळ्यात बसवायचे कृत्रिम भिंग आयात करणे परवडत नाही असे दिसल्यावर १९९२ मध्ये ऑरोलॅब ही स्वतःची उत्पादनसंस्था काढली. एखाद्या रुग्णालयाने भिंगांचा कारखाना काढणे बाजारपेठेच्या नेहमीच्या विश्लेषणातून सहसा सुचले नसते. प्रयोजन इतके नेमके होते, की त्याच्या आड येणारी प्रत्येक गोष्ट हे आपलेच काम ठरले.

गटातील एका सहकाऱ्याने योग्य शंका काढली : ही सेवाभावी संस्था आहे, नफा मिळवणाऱ्या कंपनीला हा दाखला कितपत लागू पडेल? त्याचे उत्तर मी असे दिले की, येथे दातृत्वापेक्षा नेमकेपणाकडे पाहावे. 'उत्तम नेत्रसेवा देणे' असे प्रयोजन असते तर वरीलपैकी एकही निर्णय अपरिहार्य ठरला नसता. शिवाय ही संस्था चालते ती प्रामुख्याने रुग्णांच्या शुल्कावर. खर्चाची शिस्त तिला कोणत्याही कंपनीइतकीच सांभाळावी लागते.

१९ जून

प्रयोजनाचा पहिला मसुदा तयार झाला : 'साठवलेली लस किंवा रक्त रुग्णाला मिळेपर्यंत तापमानामुळे निकामी होऊ नये.' विपणन विभागाला हे वाक्य फार अरुंद आणि कोरडे वाटते. ते अरुंद असावे असाच माझा आग्रह आहे.

२५ जून

अरुंद वाक्याची परीक्षा अपेक्षेपेक्षा लवकर आली. शीतपेये विकणाऱ्या एका मोठ्या साखळीला दुकानांत ठेवायची काचेच्या दाराची कपाटे आमच्याकडून बनवून हवी आहेत. जुळणी विभागाची बरीच क्षमता सध्या रिकामी आहे, मागणी मोठी आहे आणि पैसे वेळेवर मिळतील. वित्त विभागाने मांडलेला युक्तिवादही भक्कम होता : या कामातून येणारी रक्कम वैद्यकीय कपाटांच्या संशोधनाला वापरता येईल.

चर्चेत सीव्हीएस या अमेरिकन औषधविक्रेत्या साखळीचा निर्णय मांडला. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिने आपल्या दुकानांतून तंबाखूजन्य पदार्थांची विक्री बंद करण्याचे जाहीर केले आणि सप्टेंबरमध्ये ती प्रत्यक्षात थांबवली. त्यामुळे वर्षाला सुमारे २ अब्ज डॉलरच्या विक्रीवर पाणी सोडावे लागेल, असा कंपनीचाच अंदाज होता. त्याच वेळी कंपनीने नावात 'हेल्थ' हा शब्द जोडला. या निर्णयाकडे केवळ नैतिक कृती म्हणून पाहिले तर त्यातले धोरण निसटते. ही साखळी दुकानांमध्ये उपचारकेंद्रे चालवत होती आणि रुग्णालयांशी भागीदारी वाढवत होती. सिगारेट विकणाऱ्याला दीर्घ आजारांच्या रुग्णांची काळजी घेणारा भागीदार म्हणून स्वीकारणे रुग्णालयांना अवघड होते. एका उत्पन्नाचा त्याग केल्यामुळे दुसऱ्या व्यवसायाचे दार उघडत होते.

आमच्या बाबतीत नकार दिला तर कोणते दार उघडते, हे सांगता आले नाही तर तो नकार पोकळ ठरेल. म्हणून संशोधन विभागाला दोन प्रश्न दिले. शीतपेयांच्या कपाटांसाठी अभियंत्यांचा किती वेळ जाईल? तोच वेळ आणि तीच रिकामी क्षमता आमच्या प्रयोजनाच्या दृष्टीने आणखी कोठे लावता येईल? उत्तर येईपर्यंत प्रस्ताव स्थगित.

४ जुलै

संशोधन विभागाचे टिपण आले आणि ते मला या प्रकल्पातील सर्वांत मोलाचा कागद वाटतो. दुकानातल्या कपाटाची स्पर्धा किंमत, दिसणे आणि विजेचा खर्च यांवर होते. तापमान काही अंश वरखाली झाले तरी शीतपेयाचे फारसे बिघडत नाही. लसीच्या बहुतेक कपाटांना मात्र २ ते ८ अंश सेल्सिअसची मर्यादा पाळावी लागते, आणि यात खालची बाजू वरच्या बाजूइतकीच धोक्याची आहे. धनुर्वात किंवा हिपॅटायटिस बी यांच्या लसींत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. त्या गोठल्या तर त्यांची परिणामकारकता कमी होते आणि पुन्हा वितळल्यावर हे नुकसान भरून येत नाही. दोन्ही कामे एकाच अभियंत्याकडे दिली, तर त्याला रोज परस्परविरोधी तडजोडी कराव्या लागतील, असे टिपणात स्पष्ट म्हटले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्यांनी अखंड वीज नसलेल्या आरोग्यकेंद्रांसाठी थेट सौरऊर्जेवर चालणारी कपाटे सुचवली. या रचनेत सूर्यप्रकाशातून मिळालेली ऊर्जा बॅटरीत साठवण्याऐवजी बर्फाच्या किंवा तशाच थंड द्रव्याच्या रूपाने साठवली जाते, त्यामुळे बॅटरी बदलण्याचा आणि ती न बदलल्यामुळे कपाट बंद पडण्याचा प्रश्न राहत नाही. येथे स्पर्धा होते ती ऊर्जा मिळेनाशी झाल्यावर आतले तापमान किती काळ टिकते यावर, आणि ते आमच्या अभियंत्यांचे खरे कौशल्य आहे. बाजारपेठेचा हा भाग आमच्या जुन्या अहवालांत 'लहान व विखुरलेला' म्हणून एका परिच्छेदात संपवलेला होता. प्रयोजनाचे वाक्य समोर ठेवल्यावर तोच भाग मध्यभागी आला, कारण लस निकामी होण्याचा धोका तिथेच सर्वांत मोठा आहे.

१५ जुलै

आज आणि कालचा पूर्ण दिवस सेवा विभागात घालवला. आतापर्यंत जे लिहिले ते कागदावरचे होते. कार्यसंस्कृती पाहायची तर कामाच्या जागी जावे लागते. सेवा अभियंत्यांचे मासिक मूल्यमापन एका आकड्यावर होते : किती तक्रारी 'बंद' केल्या. एका अनुभवी अभियंत्याने मोकळेपणाने सांगितले, "साहेब, थर्मोस्टॅट जुळवून दिला की तक्रार बंद होते. दाराचे रबर झिजले आहे हे मला दिसते, पण ते मागवायचे तर तक्रार आठवडाभर उघडी राहते आणि माझा आकडा पडतो. मग तेच कपाट पुन्हा बिघडते आणि ती नवी तक्रार म्हणून धरली जाते." म्हणजे अपुरी दुरुस्ती केली तर त्याच्या खात्यावर दोन तक्रारी बंद केल्याचे श्रेय जमा होते आणि नीट दुरुस्ती केली तर एकाच तक्रारीचे, तेही उशिरा. या माणसाच्या निष्ठेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. कंपनीनेच त्याला प्रयोजनाच्या विरुद्ध दिशेला उभे केले आहे.

वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेच्या प्रकरणात हीच यंत्रणा फार मोठ्या प्रमाणावर दिसते. ग्राहकांच्या आर्थिक गरजा भागवणे आणि त्यांना आर्थिक यश मिळवायला मदत करणे, अशी तिची जाहीर भूमिका होती. शाखांवर मात्र प्रत्येक कुटुंबाला अधिकाधिक, शक्य तर आठ, उत्पादने विकण्याचा दबाव होता आणि कर्मचाऱ्यांची नोकरी त्या आकड्यावर अवलंबून होती. ग्राहकांच्या संमतीशिवाय लाखो खाती उघडली गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, तोवर सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना या कारणासाठी कामावरून काढले गेले होते आणि फेब्रुवारी २०२० मध्ये आणखी ३ अब्ज डॉलर भरून बँकेने सरकारशी तडजोड केली. हजारो माणसे एकच गैरकृत्य करतात तेव्हा कारण त्यांच्या स्वभावात शोधण्यात अर्थ नसतो. संघटनेने मोजमापातून जे खरोखर मागितले, ते त्यांनी पुरवले.

२३ जुलै

संस्कृती बदलायची तर माणसे बदलावी लागतात, असे मत गटात मांडले गेले. त्यावर न्यूमी या अमेरिकेतील मोटार कारखान्याचा इतिहास सविस्तर वाचून दाखवला, कारण या मताला त्याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथला जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, संप आणि निकृष्ट गाड्या यांसाठी कुप्रसिद्ध होता; १९८२ मध्ये तो बंद करण्यात आला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी संयुक्तपणे तोच कारखाना न्यूमी या नावाने पुन्हा सुरू केला, व्यवस्थापन टोयोटाकडे दिले आणि कामावर घेतलेल्यांपैकी बहुसंख्य त्याच कामगार संघटनेतील जुने कामगार होते. पूर्वी २० टक्क्यांच्या आसपास असलेली गैरहजेरी २ टक्क्यांच्या आसपास आली आणि गाड्यांचा दर्जा अमेरिकेतील उत्तम कारखान्यांच्या तोडीचा झाला. कामगारांना जपानमध्ये नेऊन प्रशिक्षण दिले गेले, पण त्यांच्या मनावर सर्वांत खोल परिणाम केला तो एका दोरीने. दोष दिसताच कोणत्याही कामगाराने ती ओढावी. पथकप्रमुख धावत येऊन मदत करील आणि प्रश्न सुटला नाही तर संपूर्ण लाइन थांबेल. जुन्या कारखान्यात लाइन थांबवणे हा जवळजवळ गुन्हा होता, आणि सदोष गाडी पुढे ढकलून नंतर दुरुस्त करणे हीच रीत होती.

एडगर शाइन या संघटना-अभ्यासकाने संस्कृतीचे तीन थर सांगितले आहेत : डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, तोंडाने सांगितलेली मूल्ये आणि सर्वांत खाली, कोणी न बोलता गृहीत धरलेल्या समजुती. दोरी पहिल्या थरात मोडते. ती ओढल्यावर रागावलेला साहेब येण्याऐवजी मदत करणारा पथकप्रमुख आला, आणि असे पुन्हा पुन्हा घडले, तेव्हा तिसऱ्या थरातली समजूत बदलली. म्हणजे नवी समजूत भाषणातून न येता वरिष्ठांच्या पुन्हा पुन्हा अनुभवलेल्या प्रतिसादातून आली. या इतिहासाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे : जनरल मोटर्सला हा अनुभव आपल्या इतर कारखान्यांत नेणे फार जड आणि संथ गेले. दोरी बसवणे सोपे होते. ती ओढली गेल्यावर उत्पादनाचा आकडा पडेल हे मान्य करणारे वरिष्ठ प्रत्येक कारखान्यात नव्हते.

५ ऑगस्ट

संकटाच्या वेळी लिखित प्रयोजनाचा उपयोग होतो का, यावर आज चर्चा झाली. जॉन्सन अँड जॉन्सनचे प्रमुख रॉबर्ट वुड जॉन्सन यांनी १९४३ मध्ये कंपनीचे 'क्रेडो', म्हणजे तत्त्वांचे निवेदन, लिहिले. त्यात पहिली जबाबदारी औषधे वापरणाऱ्या रुग्णांप्रति, डॉक्टर व परिचारिकांप्रति, मग कर्मचाऱ्यांप्रति, मग समाजाप्रति आणि शेवटी भागधारकांप्रति असा क्रम आहे. या दस्तऐवजाचे बळ त्या क्रमात आहे. सर्वांचे हित साधण्याची भाषा करणाऱ्या वाक्यात क्रम नसतो आणि म्हणून पेचाच्या वेळी ते मुके होते. १९७० च्या दशकात कंपनीचे वरिष्ठ अधिकारी जेम्स बर्क यांनी वरिष्ठ व्यवस्थापकांना एकत्र बसवून, हे आपल्याला मान्य नसेल तर भिंतीवरून काढून टाकू, अशी उघड चर्चा घडवली.

१९८२ मध्ये शिकागो परिसरात कोणा अज्ञाताने सायनाइड भरलेल्या, टायलेनॉल या कंपनीच्या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूल घेतल्यामुळे सात जणांचा मृत्यू झाला. कंपनीने देशभरातून सुमारे ३.१ कोटी बाटल्या परत मागवल्या, १० कोटी डॉलरहून अधिक तोटा सोसला आणि काही आठवड्यांत छेडछाड केल्यास उघड दिसेल अशा वेष्टनासह औषध पुन्हा बाजारात आणले. इतका मोठा निर्णय इतक्या लवकर घेता आला याचे एक कारण मला असे वाटते की, आधी कोण आणि नंतर कोण हा वाद त्यांनी शांततेच्या काळात मिटवून ठेवला होता.

मात्र हे उदाहरण येथेच थांबवणे अर्धवट होईल. २०१० मध्ये त्याच कंपनीच्या औषध विभागाला कारखान्यातील दर्जाच्या त्रुटींमुळे लहान मुलांची अनेक द्रवरूप औषधे परत मागवावी लागली आणि तो कारखाना बंद ठेवावा लागला. तेव्हाही क्रेडो होतेच. रोजच्या उत्पादनातली ढिलाई कोणत्याही एका दिवशी संकटासारखी दिसत नाही, म्हणून ती प्रयोजनाच्या चर्चेपर्यंत पोहोचतच नाही. आमच्या दृष्टीने धोका याच प्रकारचा आहे, आणि त्यामुळे माझे लक्ष पुन्हा तक्रारींच्या आकड्याकडे वळते.

१३ ऑगस्ट

व्हिजनवर एक बैठक झाली. मुख्य मुद्दा एवढाच नोंदवतो की, व्हिजन साध्य होऊ शकते आणि त्यानंतर ते वाट दाखवेनासे होते. प्रत्येक टेबलावर आणि प्रत्येक घरात एक संगणक, हे मायक्रोसॉफ्टचे सुरुवातीचे व्हिजन विलक्षण स्पष्ट होते आणि समृद्ध देशांत ते बरेचसे खरेही झाले. नंतरच्या काळात विंडोजचे रक्षण हेच जणू ध्येय झाले. सत्या नाडेला फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रमुख झाल्यावर, पृथ्वीवरील प्रत्येक व्यक्ती व संस्थेला अधिक काही साध्य करण्याचे बळ देणे, असे मिशन २०१५ मध्ये मांडले गेले. त्याआधीच, मार्च २०१४ मध्ये, ऑफिस हे सॉफ्टवेअर प्रतिस्पर्ध्याच्या आयपॅडवर आणले गेले होते. विंडोजला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या कंपनीसाठी ही मोठी कलाटणी होती. कर्मचाऱ्यांना परस्परांशी तुलना करून सक्तीने श्रेणी देण्याची पद्धतही नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद झाली होती. सहकाऱ्याला मदत केल्यास स्वतःची श्रेणी घसरण्याची भीती असेल तर विभागांच्या सहकार्यावर उभे असलेले कोणतेही धोरण चालणार नाही, म्हणून हा बदल मला नव्या मिशनइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आमच्या व्हिजनचा मसुदा : 'आमच्या कपाटातील तापमान मर्यादेबाहेर गेले तर ते वापरणाऱ्याला लस देण्यापूर्वी कळेल, मग ते कपाट कुठेही असो.' सध्या आमच्या जुन्या कपाटांत तापमानाची अखंड नोंद करणारे यंत्रच नाही, त्यामुळे हे चित्र आजच्या स्थितीपासून पुरेसे दूर आहे आणि तपासता येण्याजोगेही आहे.

२१ ऑगस्ट

मालकीचा प्रश्न. प्रयोजन किती टिकेल हे शेवटी ते बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे यावर ठरते. फ्रान्समधील दानोन या खाद्यपदार्थ कंपनीच्या भागधारकांनी २०२० मध्ये ९९ टक्क्यांहून अधिक मतांनी प्रयोजनाला कंपनीच्या घटनेत स्थान दिले. मार्च २०२१ मध्ये, आर्थिक कामगिरीवर नाराज असलेल्या गुंतवणूकदारांच्या दबावानंतर, त्या बदलाचे पुरस्कर्ते प्रमुख इमॅन्युएल फाबेर यांना पद सोडावे लागले. पॅटागोनिया या अमेरिकन कपडे कंपनीच्या संस्थापक कुटुंबाने २०२२ मध्ये कंपनीची मालकीच एका न्यासाकडे आणि एका पर्यावरणविषयक ना-नफा संस्थेकडे सोपवली. आमच्या कंपनीत मालकी मोजक्या भागधारकांकडे असल्याने त्यांची लेखी संमती धोरणाआधी घ्यावी, अशी शिफारस केली. प्रयोजनामुळे नफा बुडाला तरी चालेल, असे दानोनच्या उदाहरणावरून कोणी समजू नये; प्रयोजनाचा आग्रह धरणाऱ्याला आर्थिक कामगिरीची जबाबदारी अधिक काटेकोरपणे पेलावी लागते.

२ सप्टेंबर

संचालक मंडळाची बैठक झाली. शीतपेयांच्या कपाटांचा प्रस्ताव नाकारण्यात आला आणि त्यामुळे जुळणी विभागाची रिकामी क्षमता आणखी काही तिमाह्या तशीच राहील, ही किंमत इतिवृत्तात स्पष्ट नोंदवली गेली. सौर कपाटांच्या विकासाला मंजुरी मिळाली. भागधारकांची संमती आली. सेवा विभागासाठी नवे मोजमाप ठरले : बंद केलेल्या तक्रारींऐवजी, त्याच कपाटाची तीच तक्रार ३० दिवसांत पुन्हा आली का आणि कपाट एकूण किती तास २ ते ८ अंशांच्या बाहेर राहिले, हे पाहिले जाईल. यासाठी जुन्या कपाटांना तापमान-नोंदयंत्रे बसवण्याचा खर्च कंपनी करील. अंतिम चाचणीत शंका आल्यास कपाट रोखून धरण्याचा अधिकार चाचणी करणाऱ्या प्रत्येक तंत्रज्ञाला देण्यात आला.

एका संचालकांनी विचारले की, नव्या मोजमापाने सेवा विभागाचे आकडे पहिले काही महिने वाईट दिसतील, ते आपण सहन करू का? व्यवस्थापकीय संचालकांनी होकार दिला. त्यांच्या विनंतीवरून तो होकारही इतिवृत्तात घेतला.

३० सप्टेंबर

तिमाहीचा शेवटचा दिवस. एका रुग्णालयाला पाठवायच्या कपाटांपैकी दोनमध्ये रात्रीच्या चाचणीत तापमान काही काळ २ अंशांखाली गेल्याचे चाचणी विभागातील एका कनिष्ठ तंत्रज्ञाला आढळले आणि तिने संपूर्ण खेप रोखली. विक्री विभागप्रमुखांनी मागणी आजच रवाना झाली पाहिजे असे सांगितले. तिमाहीअखेर रवाना झालेल्या मालाच्या नोंदीवर विभागाचा तिमाही बोनस अवलंबून होता. व्यवस्थापकीय संचालक स्वतः चाचणी विभागात गेले, त्यांनी तापमानाचा आलेख पाहिला, तंत्रज्ञाचे सर्वांसमोर आभार मानले आणि खेप थांबवून रुग्णालयाला विलंबाचे खरे कारण कळवायला सांगितले. संवेदकाची जागा चुकल्याचे दुपारी सापडले. इतर कपाटांची फेरतपासणी चालू आहे.

विक्री विभागप्रमुखांची तक्रार मला रास्त वाटते. धोरण बदलले, सेवा विभागाचे मोजमाप बदलले, परंतु त्यांच्या विभागाचा बोनस अजूनही तिमाहीअखेर रवाना झालेल्या मालावरच मोजला जातो, आणि आजच्या योग्य निर्णयाचा भुर्दंड त्यांच्या माणसांना पडला. रोखलेल्या खेपेमुळे कमी झालेला बोनस या तिमाहीपुरता भरून द्यावा आणि पुढील तिमाहीपासून बोनस रुग्णालयात बसवून तपासलेल्या कपाटांवर मोजावा, असा प्रस्ताव विक्री व वित्त विभागांसह तयार करून ऑक्टोबरच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिल्या क्रमांकाने ठेवला आहे.